दिवाळखोरीच्या आधीचा हिशेब

अमेरिकेत दिवाळखोरीचे अर्ज पुन्हा वाढू लागले आहेत. २०१० मध्ये, मंदीच्या तडाख्यात, वर्षाला पंधरा लाखांवर गेलेला आकडा पुढे उतरत गेला आणि करोनाकाळातल्या सरकारी मदतीमुळे आणि थांबवलेल्या हप्त्यांमुळे आणखी खाली आला होता. २०२४ मध्ये तो परत पाच लाखांच्या वर गेला. क्रेडिट कार्डांवरचं एकूण कर्ज २०२३ मध्येच एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं, त्यावरचं व्याज सरासरी वीस टक्क्यांहून जास्त आहे, आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते ऑक्टोबर २०२३ पासून पुन्हा सुरू झाले. घरात दोन लहान मुलं आणि दोघांपैकी एकाची नोकरी गेलेली, अशा जोडप्याला हे सगळं एकदम झेपत नाही. मग ते मराठी असो की आणखी कुणी.

आपल्याकडे भर पडते ती 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या सवयीची. दिवाळं निघणं म्हणजे घराण्याचं नाव गेलं, असं आपण ऐकत आलो. त्यामुळे वकिलाकडे जायची वेळ येते तेव्हा हातातलं सगळं संपलेलं असतं. खरं नुकसान या उशिराने होतं.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा न्यू जर्सीतल्या एका घरात महिन्याला हातात सात हजार डॉलर येतात. भाडं २६००, पाळणाघर १५००, दोन गाड्यांचे हप्ते, विमा आणि पेट्रोल मिळून ११००, किराणा ८००, वीज-फोन ४००, डॉक्टर-औषधं २००. झाले ६६००. उरले ४००. गावी आईबाबांना ५०० पाठवतात, म्हणजे इथेच शंभर कमी पडले. आता कार्डांवर ४८ हजारांचं कर्ज २२ टक्क्यांनी असेल, तर नुसतं व्याजच महिन्याला ८८०. गावचे पैसे पूर्ण थांबवले तरी कर्ज दरमहा ४८० डॉलरने वाढतच राहणार.

म्हणून कागदावर पहिला प्रश्न हा लिहावा: जगण्याचा खर्च वजा केल्यावर निदान व्याज तरी भरता येतं का? येत असेल तर काटकसर उपयोगाची. येत नसेल तर बाहेरचं जेवण बंद करून किंवा कूपनं कापून हे गणित सुटणार नाही. मग व्याजदर तरी कमी व्हायला हवा, नाहीतर कर्ज तरी.

व्याज कमी करायला ना-नफा क्रेडिट समुपदेशन संस्था मदत करतात. बँकांशी बोलून दर आठ टक्क्यांवर आला असं धरलं, तर वरचं कर्ज पाच वर्षांत फेडायला महिना साधारण ९७५ डॉलर लागतील. एक गाडी विकून, पाळणाघराचे दिवस कमी करून तेवढे उभे राहतात का ते बघावं. तसंही अर्ज करण्याआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेचं समुपदेशन कायद्याने बंधनकारक आहेच. त्यामुळे तिथूनच सुरुवात केलेली बरी.

तेही जमत नसेल तर दोन वाटा. चॅप्टर ७ मध्ये कार्डांसारखी विनातारण कर्जं साधारण चार महिन्यांत माफ होतात, पण त्यासाठी उत्पन्नाची चाचणी असते. मागच्या सहा महिन्यांचं उत्पन्न राज्याच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून बघतात. कोर्टाची फी ३३८ डॉलर, वकिलाची वेगळी. चॅप्टर १३ मध्ये तीन ते पाच वर्षं ठरलेला हप्ता भरायचा आणि घर-गाडी सांभाळायची. क्रेडिट रिपोर्टवर पहिल्याची नोंद दहा वर्षं राहते, दुसऱ्याची सहसा सात. शैक्षणिक कर्ज, मुलांची पोटगी आणि अलीकडचे कर सहसा सुटत नाहीत. एच-१बीवाल्यांची पहिली भीती व्हिसाची असते. नुसत्या अर्जाने व्हिसा आपोआप रद्द होत नाही. नोकरी गेल्यावर मिळणारी जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत हाच मोठा प्रश्न असतो. तेवढ्या दिवसांचं घरभाडं आणि किराणा हातात राहील असं आधी बघा, कार्डाचा हप्ता त्यानंतर.

आता आपल्या लोकांकडून हमखास होणाऱ्या गोष्टी. ४०१-के मोडून कार्डं भरणं ही सगळ्यांत महागडी. त्या पैशाला दिवाळखोरीतही संरक्षण असतं. वेळेआधी काढला तर त्यावर कर आणि बहुतेक वेळा वर दहा टक्के दंड. दुसरी, 'निदान सासऱ्यांचे तरी देऊन टाकू' म्हणत आधी नातलगांचं कर्ज फेडणं. अर्जाआधीच्या वर्षभरात असे दिलेले पैसे ट्रस्टी त्यांच्याकडून परत मागू शकतो. तिसरी, अर्जाच्या तोंडावर कार्डावर मोठी खरेदी किंवा रोख उचल. ते कर्ज माफ होईलच असं नाही.

चौथी गोष्ट भारतातली. पुण्यातला फ्लॅट, गावच्या जमिनीतला हिस्सा, तिथली एफडी, हे सगळं अर्जात दाखवावं लागतं. मालमत्ता जगात कुठेही असली तरी. घाईघाईने भावाच्या नावे हक्कसोडपत्र केलं तर ते उलटू शकतं, आणि लपवणं हा गुन्हा आहे. त्याचप्रमाणे भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज वडिलांनी घर तारण ठेवून काढलेलं असेल, तर इथल्या कोर्टाच्या निकालाने ते तारण सुटत नाही. जामीनदाराची जबाबदारीही कायम राहते. अशा वेळी तिकडचा हप्ता बजेटमध्ये वरच्या ओळीत यायला हवा, आणि वकिलाला पहिल्याच भेटीत हे सांगायला हवं.

गावाकडे हे वाचणाऱ्या आई-वडिलांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी 'सध्या पैसे पाठवणं जमणार नाही' म्हणाली तर कारण विचारा, पण टोमणा मारू नका. त्या एका वाक्यामागे किती महिन्यांची ओढाताण आहे, हे फोनवर कळत नाही. आणि इकडच्या तरुण जोडप्यांनो, नवरा-बायकोने एकत्र बसून सगळ्या कार्डांची शिल्लक एका कागदावर मांडा, याच आठवड्यात. बऱ्याच घरांत ती बेरीज दोघांपैकी एकालाच ठाऊक असते. कमीत कमी हप्ता भरायला दुसरं कार्ड वापरावं लागत असेल, तर समुपदेशकाची वेळ आता घ्या. पुढच्या बोनसपर्यंत थांबू नका.