सादळलेला पापड काय शिकवतो?

पावसाळ्यात भाजलेला पापड ताटात उघडा राहिला, तर तो सादळतो. मघाशी कडकन मोडणारा पापड आता नुसता वाकतो. तो वितळलेला नाही, विरघळलेलाही नाही. मग त्याला झाले तरी काय?

स्थायू, द्रव आणि वायू या तीन कप्प्यांत या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. बर्फात रेणू ओळीने रचलेले असतात. तो ठरावीक तापमानाला वितळतो. काचेतील रेणू मात्र अस्ताव्यस्त, पण जागच्या जागी थिजलेले असतात. तापवल्यावर काच एकदम वितळत नाही, हळूहळू मऊ पडते. हा बदल ज्या तापमानाच्या आसपास होतो, त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. भाजलेल्या पापडातील स्टार्चही काचेसारखाच थिजलेला असतो. हवेतील ओलावा शिरला की त्याचे हे तापमान खाली येते आणि पापड नरमतो.

आता औषधाच्या गोळीकडे पाहा. तिच्यावरील पातळ पापुद्रा पुष्कळदा हायड्रॉक्सीप्रोपिल मेथिल सेल्युलोजचा असतो. हे बहुवारिक लाकूड व कापूस यांतील सेल्युलोजपासून बनवतात. कोरडे असताना त्याचे काचसंक्रमण तापमान सुमारे १७० ते १८० अंश सेल्सियस असते. काही औषधे अशा बहुवारिकात अस्फटिक रूपात कोंडून ठेवतात, कारण त्या रूपात ती लवकर विरघळतात. पण पाण्याचे रेणू आत शिरले की बहुवारिकाच्या लांब साखळ्या सैल होतात आणि हे तापमान उतरू लागते. औषधाच्या रेणूंना हालचालीस वाव मिळतो आणि त्यांचे स्फटिक बनू शकतात. गोळी दिसायला तीच राहते, पण पूर्वीइतकी विरघळेलच असे नाही.

म्हणून आजीच्या गोळ्या सोयीसाठी वेष्टनातून काढून वाटीत ठेवू नका. ते वेष्टन शोभेसाठी नसते.

माझे स्पष्ट मत असे, की काचसंक्रमण शाळेतच शिकवावे. अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे, असे शिक्षक म्हणतील. ते खरेच आहे. पण या धड्याला प्रयोगशाळा लागत नाही, एक पापड पुरतो. सादळलेला पापड पुन्हा भाजा. पाणी निघून जाईल आणि निवताच तो पुन्हा कुरकुरीत होईल. गोळीत एकदा बनलेले स्फटिक मात्र असे मागे फिरवता येत नाहीत. हा फरक ज्या मुलाला कळला, तो घरातील औषधे नक्कीच जपून ठेवील.