सबमिटनंतरची जबाबदारी

साइटवर ठळक फोन नंबर आहे, व्हॉट्सॲपचे बटण आहे, मग चौकशीचा फॉर्म हवाच कशाला, असे क्लायंट आता सर्रास विचारतात. ‘सगळ्यांच्या साइटवर असतो म्हणून’ हे उत्तर आपल्या व्यवसायाला शोभत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीचेच घ्या. तिला उपयोगी पडणारी चौकशी म्हणजे ड्रॉइंग, धातूची ग्रेड, एका नगाचे वजन, महिन्याला किती नग, मशीनिंग करून हवे की नुसते कास्टिंग. फोनवर यातले निम्मे विचारायचे राहून जाते. व्हॉट्सॲपवर आलेले ड्रॉइंग एखाद्या सेल्समनच्या फोनमध्ये राहते आणि त्याने नोकरी सोडली की त्याच्याबरोबर जाते. फॉर्म हे सगळे एका खेपेत, लेखी आणि कंपनीच्या नावावर मागतो. परदेशातला खरेदीदारही तो आपल्या सोयीच्या वेळी भरू शकतो. म्हणून फॉर्म टिकला आहे, आणि टिकायला हवा.

आपली हयगय होते ती सबमिटच्या पुढे. ‘धन्यवाद, आपला संदेश मिळाला’ ही ओळ झळकते तेव्हा बहुधा सर्व्हरने मेल पुढे सोपवलेली असते, इतकेच. ती इनबॉक्समध्ये पडली, स्पॅममध्ये गेली की वाटेत नाकारली गेली, हे त्या ओळीला ठाऊक नसते. याहूने एप्रिल २०१४ मध्ये डीमार्क धोरण कडक केले, तेव्हापासून पाठवणाऱ्याच्या जागी ग्राहकाचाच याहू पत्ता घालणाऱ्या फॉर्मच्या मेल नाकारल्या जाऊ लागल्या. उपाय साधा आहे: ‘फ्रॉम’मध्ये क्लायंटच्या डोमेनचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’मध्ये ग्राहकाचा, आणि डोमेनला एसपीएफ व डीकेआयएम. तरी जुनी मांडणी आजही नव्या साइटवर दिसते, आणि ते पाहून वाईट वाटते. त्यात ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’सारखे लोकप्रिय प्लगइन आलेला मजकूर स्वतः साठवत नाही, त्यासाठी ‘फ्लेमिंगो’ वेगळे बसवावे लागते. ते नसेल आणि मेल हरवली, तर चौकशी कायमची गेली. ग्राहक समजतो, कंपनीला पर्वा नाही. मालक समजतो, साइटवरून धंदा येत नाही. तक्रार कुणीच करत नाही, म्हणून दोष सापडतही नाही.

उत्तर वेळेवर गेले, तर फॉर्म फोनची जागाही घेऊ शकतो. जर्मनीतल्या एका ऑनलाइन विमा कंपनीने साइटवर फोन नंबर दिला नव्हता. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. १६ ऑक्टोबर २००८ च्या निकालानुसार ईमेलखेरीज संपर्काचा आणखी एक जलद आणि थेट मार्ग हवा. तो फोनच असायला हवा असे नाही, फॉर्मही चालेल. त्या कंपनीकडून फॉर्मवरच्या प्रश्नांना ३० ते ६० मिनिटांत उत्तर जात असे, हे आपल्याकडच्या कितीतरी साइटमालकांना सांगण्यासारखे आहे.

रकाने वाढवण्याच्या मोहाबद्दल एवढेच: कास्टिंगच्या चौकशीला जन्मतारीख लागत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही गरजेपुरतीच माहिती घेण्याकडे आहे.

तेव्हा साइट सोपवताना फॉर्म जीमेल, याहू आणि आउटलुकच्या पत्त्यांवरून भरून पाहा. नोंदी डेटाबेसमध्ये राहतील अशी सोय करा. चौकशीला उत्तर कोण देणार, त्या माणसाचे नाव क्लायंटकडून लिहून घ्या. वार्षिक देखभालीच्या करारात दर महिन्याची चाचणी घाला आणि तिचे पैसे मोकळेपणाने मागा.