नूतनीकरण नव्हे, नवा दाखला

परवा रात्री साडेदहाला अंबाजोगाईहून चुलतभावाचा फोन. "दादा, साइट उघडंना. तुमची माहिती चोरीला जाऊ शकते असं काहीतरी येतंय. पालकांचे फोनवर फोन चालू आहेत!"

त्याची शिकवणी आहे. साइट मी हौसेने करून दिलेली, ती कशी सांभाळायची याचं दोन पानी टिपणही मीच लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी प्रवेश-फॉर्मची शेवटची तारीख. खेड्यातल्या पोरी मोबाईलवरून फॉर्म भरणार, आणि समोर हा इशारा!

पाहिलं तर साइटचं प्रमाणपत्र संपलेलं. गंमत म्हणजे नवं प्रमाणपत्र महिनाभरापूर्वीच येऊन फोल्डरमध्ये पडलं होतं. सर्व्हर मात्र जुनंच दाखवत बसला होता. एका आज्ञेने सर्व्हरला नवं वाचायला लावलं, दोन मिनिटांत साइट सुरू.

"अरे, बघायचं नाही का?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"बघितलं होतं की! नूतनीकरण यशस्वी, असंच दिसलं. आन् तुझ्या कागदात लिहिलंय, नूतनीकरण आपोआप होतं म्हणून."

मी गप्प. चूक त्याची नव्हती, माझ्या शब्दाची होती.

आपण लायसन्सचं किंवा वाचनालयाच्या वर्गणीचं नूतनीकरण करतो, तेव्हा आहे तेच पुढे चालू राहतं, फक्त तारीख वाढते. वेब प्रमाणपत्राची तारीख वाढवताच येत नाही. त्यातलं एक अक्षर बदललं तरी वरची सही खोटी ठरते. म्हणून लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था ते नाव तुमच्याच ताब्यात असल्याची खात्री करून, नव्या क्रमांकाचं अगदी वेगळं प्रमाणपत्र देते. जुनं आपल्या तारखेला मरतं ते मरतंच.

आमचे अण्णा निवृत्त शिक्षक. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतात. त्याला कोणी 'दाखल्याचं नूतनीकरण' म्हणतं का? दरवर्षी नवा दाखला! आणि दाखला म्हटलं की घरातला प्रत्येक जण पुढचा प्रश्न आपोआप विचारतो, "बँकेत दिला का?" कपाटात ठेवलेल्या दाखल्यावर पेन्शन मिळत नाही. माझ्या टिपणात 'नवा दाखला आणतो' असं असतं, तर भावानेही विचारलं असतं, "मग सर्व्हरला कोण देतं?" आमच्या साइटवर ते काम मी कोणालाच नेमून दिलं नव्हतं. 'नूतनीकरण' या शब्दाने तो प्रश्नच गिळून टाकला.

एक मित्र म्हणाला, "सगळं जग रिन्यू म्हणतं, तू कशाला कीस काढतोस?" मान्य, आज्ञेतच 'रिन्यू' आहे, ती तशीच टाइप करावी लागेल. पण आज्ञा त्यांची, समजावणारं वाक्य माझं! शिवाय नावं सुधारता येतात. हे प्रमाणपत्र आणणारं साधन आधी संस्थेच्याच नावाने ओळखलं जाई, म्हणजे कचेरी आणि कारकून यांचं नाव एकच. मे २०१६ मध्ये त्याला 'सर्टबॉट' हे वेगळं नाव मिळालं.

प्रत्येक शब्दावर अडून बसा असं मी म्हणत नाही. टीएलएस १९९९ मध्ये आलं, तरी लोक अजून 'एसएसएल' म्हणतात. म्हणोत बापडे, त्याने कुणाचा फॉर्म अडत नाही. ज्या शब्दामुळे वाचणारा करायचं काम सोडून देतो, तो मात्र बदललाच पाहिजे.

आणि घाई आहे. आमचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं. एप्रिल २०२५ मध्ये ठरल्याप्रमाणे १५ मार्च २०२९ पासून कोणत्याही जाहीर वेब प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवस असेल. मुदत संपत आल्याची आठवण देणाऱ्या ईमेलही लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केल्या. म्हणजे चूक लवकर लवकर घडणार, आणि सांगणारं कोणी नाही.

टिपण रात्रीच दुरुस्त केलं : "सर्टबॉट नवा दाखला आणतो. तो सर्व्हरला दिला का, ते साइट उघडून, तारीख पाहून खात्री करा." सर्व्हरला सांगण्याचं कामही त्याच रात्री सर्टबॉटकडे सोपवलं.

सकाळी भावाचा निरोप आला, "आता कळलं. आधीच असं लिहायचं ना दादा!"

खरंच, आधीच लिहायचं होतं.