वाकडी वाट लोणारची

आमच्या महाविद्यालयाची सहल यंदाही वेरूळलाच गेली. येताना वाट थोडी वाकडी करून लोणारला थांबावे, अशी सूचना आम्ही दोघांनी केली होती. ती एका वाक्यात निकालात निघाली : "विझलेल्या ज्वालामुखीचा खड्डा आणि घाण वासाचे पाणी, त्यात मुलांना काय दाखवणार?"

या वाक्यातील चूक आधी पाहू. लोणार हे ज्वालामुखीचे मुख नव्हे. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनाही ते तसे वाटले होते, तेव्हा समज अगदीच अडाणी नाही. पण तो शिळा आहे. प्रचंड आघातानेच घडू शकणाऱ्या खुणा तिथल्या खडकात सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि उल्केच्या बाजूने निकाल लागला. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे हे विवर बेसॉल्टमध्ये कोरले गेले आहे. असे विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून चंद्र-मंगळाच्या अभ्यासकांना त्याचे मोल. वयाचा वाद मात्र रंगलेला आहे : पूर्वी ते सुमारे ५२ हजार वर्षे मानत, २०११ च्या एका अभ्यासाने ते ५ लाख ७० हजारांवर नेले.

ज्वालामुखीच पाहायचा असेल तर हिंगोली जिल्हा सोडण्याचे कारणच नाही. औंढ्याच्या नागनाथाचे मंदिर ज्या काळ्या पाषाणाचे आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. रोज त्यावर चालतो, म्हणून दिसत नाही इतकेच.

आता वासाचे. वास आहे, नाकारत नाही. पाणी खारे आणि क्षारयुक्त. त्यातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा हेच सहकारी ती छायाचित्रे एकमेकांना पाठवत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेले, त्याची मात्र कुणी चर्चा केली नाही. काठावर उभे राहून फोटो काढायचे आणि अर्ध्या तासात गाडीत बसायचे, असेच पर्यटन करायचे असेल तर लोणारला खरोखरच जाऊ नये. तेवढ्यात तो खड्डाच दिसतो. पाणथळीलाही त्या गर्दीची गरज नाही.

आमचा खरा राग निराळा आहे. आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात 'लीळाचरित्र' शिकवतो. चक्रधर लोणारला आले होते, हे त्या ग्रंथातले. आणि आमचे विद्यार्थी प्रश्नपत्रिकेत स्थळाचे नाव बिनचूक लिहितात. ते स्थळ सेनगाव-रिसोडच्या वाटेने एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. दैत्यसूदनाचे मंदिर, विवरातली पडकी देवळे, लवणासुराची कथा आणि उल्का, एवढे सगळे एकाच जागी असताना 'काय दाखवणार' असे विचारणाऱ्याने आपण काय शिकवतो, तेही एकदा तपासावे.

दिवाळीनंतर आम्ही दोघे पदव्युत्तर वर्गातील मुलांना घेऊन एसटीने निघणार आहोत. सहल समितीच्या परवानगीचा अर्ज दिलेला नाही.