नायिका सोळा वर्षांची, म्हणून पुस्तक मुलांचं?



आज लोणचं नाही, पर्युषणाची तयारीही नाही. आज मला भांडायचं आहे, आणि तेही पुस्तकांवरून.

इंग्रजी शाळेत शिकणारी नात, भाची, पुतणी आता आपल्या सगळ्यांच्याच घरात आहे. तिच्या वाढदिवसाला पुस्तक द्यावं असं आपल्याला वाटतं, आणि ते चांगलंच आहे. दुकानात गेलं की समोर सोनेरी अक्षरांची, तलवारी-ड्रॅगनची जाडजूड पुस्तकं दिसतात. मागे लिहिलेलं असतं की एक अनाथ मुलगी आहे, तिच्याकडे एक शक्ती आहे, ती एका विद्यालयात जाते. आपण म्हणतो, वा, हॅरी पॉटरसारखं दिसतंय. आणि पैसे देऊन मोकळ्या होतो.

माझं म्हणणं सरळ आहे. यातली बरीच पुस्तकं मुलांसाठी लिहिलेलीच नाहीत. त्या मोठ्यांच्या कादंबऱ्या आहेत. दुकानदार, वाचक आणि कधीकधी खुद्द प्रकाशकसुद्धा त्यांना 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात, आणि हे बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या बाबतीत फार होतं. त्यात पोरीचं नुकसान आहे, लेखिकेचं आहे, आणि तुमचं-माझंही आहे.

आधी शब्दाचं बघू. 'यंग अ‍ॅडल्ट' म्हटलं की आपल्याला वाटतं वीस-पंचवीसची तरुण मंडळी. पण पुस्तकांच्या व्यवसायात त्याचा अर्थ तो नाही. अमेरिकेतल्या ग्रंथपालांची याच नावाची जी संघटना आहे, ती हा शब्द १२ ते १८ या वयासाठी वापरते. म्हणजे आपलं 'कुमार साहित्य' जिथे असतं त्याच्या जवळपासचं, थोडं पुढचं. १९६७ साली एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' आली, तेव्हापासून हा विभाग खऱ्या अर्थाने उभा राहिला असं मानतात. त्या स्वतः तेव्हा विशीच्याही आतल्या होत्या. या विभागात उत्तम पुस्तकं आहेत. मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त जे पुस्तक त्या खात्यातलं नाही, ते त्यात टाकू नका एवढंच म्हणते.

आता एक उदाहरण. आर. एफ. क्वांग या लेखिकेची 'द पॉपी वॉर' ही २०१८ची कादंबरी. रिन नावाची अनाथ मुलगी. एका वयस्क माणसाशी तिचं लग्न लावून द्यायचं घरात ठरतंय, ते टाळण्यासाठी ती रात्रंदिवस अभ्यास करून देशातली सगळ्यात कठीण परीक्षा देते आणि सैनिकी विद्यालयात जागा मिळवते. आपल्याकडच्या किती मुलींची ही गोष्ट आहे! पहिला भाग वाचून कोणालाही वाटेल, नातीला हेच द्यावं. पण पुढे युद्ध सुरू होतं. १९३७ साली जपानी सैन्याने चीनमधल्या नानजिंग शहरात जी कत्तल केली, बायकांवर जे अत्याचार केले, त्यावर बेतलेला एक अख्खा भाग त्यात आहे. मी तो वाचून दोन दिवस नीट जेवले नाही. प्रकाशकाने हे पुस्तक पहिल्यापासून मोठ्यांच्या विभागात काढलं होतं. तरी लोक त्याला मुलांचं म्हणत राहिले. का? तर नायिका लहान, शाळा आहे, आणि लेखिका विशीतली बाई.

दुसरं उदाहरण याहून वेगळं आहे, कारण तिथे लेबल प्रकाशकानेच लावलं होतं. सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' २०१५ मध्ये आली ती यंग अ‍ॅडल्ट म्हणून. नायिका एकोणीस वर्षांची, आणि शयनगृहातले प्रसंग उघड उघड लिहिलेले. २०२० साली प्रकाशकाने नवी मुखपृष्ठं देऊन ती मोठ्यांसाठी म्हणून काढली. मधल्या पाच वर्षांत ती मुलांच्याच कपाटात होती. गुडरीड्सवर वाचकांच्या मतांवरून बक्षिसं देतात. तिथे २०१६ साली याच मालिकेच्या दुसऱ्या भागाला यंग अ‍ॅडल्ट फँटसीचं बक्षीस मिळालं, आणि २०२१ साली पुढच्या एका भागाला मोठ्यांच्या फँटसीचं. मालिका तीच, लेखिका तीच. बदललं ते खातं.

कधी चूक लेखिकेच्या जुन्या पुस्तकांमुळे होते. ली बारडुगो यांची 'सिक्स ऑफ क्रोज' ही मुलांसाठीच होती, आणि छान होती. २०१९ मध्ये त्यांनी 'नाइन्थ हाउस' लिहिली. ती येल विद्यापीठात घडते, त्यात अमली पदार्थ आहेत, बलात्कार आहे. ती मोठ्यांसाठीच आहे. पण ज्या मुलीने आधीची वाचली, ती लेखिकेचं नाव बघून ही उचलणार. आणि आपणही नाव बघूनच घेऊन देणार.

आता पुरुषांकडे वळा. पॅट्रिक रॉथफस यांची 'द नेम ऑफ द विंड', २००७. नायक अनाथ पोरगा, हुशार, गरीब, ऐन पोरवयात जादूच्या विद्यापीठात जातो. रिनच्या गोष्टीशी सांगाडा किती जुळतो बघा. पण हे पुस्तक मोठ्यांचंच म्हणून ओळखलं जातं, त्याबद्दल कोणाचा घोटाळा होत नाही. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये, म्हणजे १९९६च्या मूळ कादंबरीत, ब्रॅन सात वर्षांचा आणि आर्या नऊ वर्षांची आहे. ते बालवाङ्मय आहे असं कोणी म्हणेल का?

आणि हे समजायला आपल्याला इंग्रजीत जायचीही गरज नाही. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'मधला मुकुंद जोशी नववीत आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर त्याहूनही लहान. ही पुस्तकं आपण पन्नाशीत वाचली आणि रडलो. लहान मुलाच्या डोळ्यांनी मोठ्यांसाठी लिहिता येतं हे मराठी वाचणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक आहे. मग लेखिका इंग्रजीत लिहिणारी असली आणि गोष्टीत ड्रॅगन आला, की हे शहाणपण कुठे जातं?

'जादू म्हणजे मुलांचं' हेही असंच. आपल्या पुराणांत विद्याधर आकाशातून विहार करतात, विद्येच्या बळावर रूपं बदलतात. म्हणून ती पुराणं कोणी बालवाचनालयात ठेवली नाहीत.

मी बी.कॉम. आहे, त्यामुळे मला या सगळ्यात हिशेबाची चूक दिसते. ज्यांनी अकाउंट्स शिकलंय त्यांना आठवेल. यंत्र विकत घेतलं आणि त्याचा खर्च दुरुस्तीच्या खात्यात टाकला, तरी तेरीज जुळते. नावे-जमा दोन्ही बाजू बरोबर येतात. म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. तिला तत्त्वाची चूक म्हणतात. पुस्तकांचं तसंच झालंय. पुस्तक खपलं, गल्ल्यात पैसे आले, तेरीज जुळली. चुकीच्या खात्यात नोंद झाली हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

आणि त्या खात्यात टाकण्याचा फायदाही आहे. बोकर या संस्थेने २०१२ साली अमेरिकेत पाहणी केली, तेव्हा १२ ते १७ वयासाठी म्हणून काढलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते, आणि बहुतेक जण स्वतःसाठीच घेत होते. म्हणजे या कपाटापाशी मुलंही येतात आणि मोठ्या बायकाही येतात. दोन गिऱ्हाईकं एका कपाटात मिळत असतील तर विकणारा कपाट कशाला वेगळं करेल? त्याचा धंदा आहे. पण आपण त्याच्या सोयीने का वागायचं?

गेल्या वर्षी आमच्याच कुटुंबात हे घडलं. जावेच्या नातीचा बारावा वाढदिवस. आलेल्या भेटींत 'द पॉपी वॉर' होतं, रिबीन बांधलेलं. मी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, की हे आत्ता तिच्या हातात नको. ती म्हणाली, "अहो काकू, दुकानात मुलांच्याच कपाटात होतं, माझ्यासमोर काढून दिलं!" मी तिला मधली काही पानं उघडून दाखवली. तिचा चेहराच उतरला. पुस्तक तिने स्वतःच्या कपाटात ठेवलं. पंधरा दिवसांनी फोन आला, "काकू, दुसरा भाग आहे का तुमच्याकडे?" ती छत्तिशीची बाई. इतकी वर्षं 'ही मुलांची पुस्तकं' म्हणून तिने त्यांच्याकडे बघितलंच नव्हतं.

आपलं नुकसान म्हणते ते हे. आपल्या वयाच्या बायकांसाठी लिहिलेलं, युद्ध, सत्ता, अपमान, लग्न यांवर बोलणारं पुस्तक आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण त्यावर मुलींचं लेबल आहे. आणि लेखिकेचं काय? तिने इतिहास अभ्यासून, वर्षं घालवून कादंबरी लिहायची, आणि लोकांनी म्हणायचं, "छान आहे हो, मुलींसाठी." बाईने केलेलं काम थोडं हलकं धरायची ही सवय आपल्याला नवी आहे का? घरचा जमाखर्च आपण बघितला तर 'किरकोळ', आणि तोच दुकानात पुरुषाने बघितला तर 'व्यवहार'!

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं, "मुलं काहीही वाचतातच, आपणही चोरून वाचलंच की." वाचलं ना. पण आपल्याला ठाऊक होतं की हे मोठ्यांचं आहे. चोरून वाचणाऱ्या मुलीची मनाची तयारी असते. वाढदिवसाला आजीने दिलेलं पुस्तक ती विश्वासाने उघडते. त्या विश्वासाला धक्का बसला तर पुढे ती आपल्याला विचारायला येणार नाही.

दुसरं उत्तर याच्या उलट. "मग असली पुस्तकंच नकोत, बंद करा." हे तर मला मुळीच पटत नाही. अमेरिकेतल्या युटा राज्याने २०२४ साली सगळ्या सरकारी शाळांतून तेरा पुस्तकं काढून टाकायला लावली. त्यांतली सहा एकट्या सारा मास यांची होती. त्या आधी कपाट चुकलं नसतं तर इतकी वेळ आली असती का, याचा विचार करा. मोठ्यांचं पुस्तक मुलांचं म्हणून विकायचं, आणि मग ते मुलांना शोभत नाही म्हणून त्यालाच शिक्षा करायची. पुस्तकाने काय केलं? ते ज्याच्यासाठी होतं त्याच्यापुढे ठेवलंच नव्हतं.

मग करायचं काय? आपल्याला हे अवघड नाही. वाण्याकडे आपण काय करतो आठवा. पाकिटावर हिरवा ठिपका असला तरी आपण थांबत नाही, कारण कांदा-लसूणही हिरव्या ठिपक्यातच येतात. आपण पाकीट उलटं करून बारीक अक्षरातली यादी वाचतो. कांदा पावडर आहे का, बटाट्याचा स्टार्च आहे का. चष्मा नसला तर शेजारणीला वाचायला लावतो. दहा रुपयांच्या बिस्किटासाठी इतकं करणाऱ्या आपण सहाशे रुपयांचं पुस्तक मुखपृष्ठ बघून कसं घेतो?

पुस्तक उघडा. पहिलं प्रकरण वाचून फसू नका, मधली आणि शेवटाकडची पानं चाळा. सुरुवातीच्या पानावर प्रकाशकाच्या कुठल्या विभागाने काढलंय ते लिहिलेलं असतं, ते बघा. लेखिकेचं आधीचं पुस्तक मुलांचं होतं म्हणून हेही तसंच असेल असं धरू नका. कपाट चुकलेलं दिसलं तर दुकानातल्या माणसाला शांतपणे सांगा. तोही बिचारा बहुतेक वेळा मुखपृष्ठ बघूनच लावत असतो. घरातल्या मुलीला 'हे वाचू नकोस' म्हणण्याऐवजी 'हे मोठ्यांचं आहे, आधी मी वाचते, मग आपण ठरवू' असं म्हणा. आणि खरंच वाचा. नाहीतर ती एकदा विश्वास ठेवेल, दुसऱ्यांदा ठेवणार नाही.

आणि कोणी बाईच्या हातातली अशी कादंबरी बघून हसत म्हणालं, "काय हे, या वयात मुलींची पुस्तकं वाचतेस?" तर त्याला ते मधल्या पानावर उघडून हातात द्या. दोन पानं वाचू दे. मग विचारा, कोणत्या मुलींची.