आठवीनंतर पोर कुठे जाणार?



जूनला शाळा उघडतील. आता पाड्यापाड्यात एकच बोलणं चालू आहे, पोराचं नाव कुठे घालायचं? जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, कुठेही जा, बाजाराच्या गावी रस्त्याला लागून खाजगी शाळा दिसते. पाटी इंग्रजीत, पोरांच्या पायात बूट, दाराशी गाडी. आणि पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, इयत्ता पहिली ते आठवी.

ते बारीक अक्षर आपण वाचत नाही. या अंकात त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट साफ करू. खाजगी शाळेत पोर घालणाऱ्या आईबापाला नावं ठेवायची नाहीत. पाड्यावरच्या शाळेत चार वर्गांना एक मास्तर, तोही महिन्यातून कितीदा मिटिंगला. आश्रमशाळेत पोर पाठवायचं तर आजारपणाची भीती, साप-विंचवाची भीती. मग मजुरीचे पैसे मोडून कोणी फी भरत असेल तर तो पोराच्या भल्यासाठीच भरतो. आणि लहान शाळेत चांगलं काही नसतंच असंही नाही. पोरं थोडी, मास्तर सगळ्यांना नावाने ओळखतो, पोर रोज घरी येतं, घरची भाषा विसरत नाही. सहा-सात वर्षांच्या पोराला हे मोलाचंच आहे.

पण मग आठवीलाच का थांबते शाळा? कारण शिक्षण हक्काचा कायदा तिथेच थांबतो. २००९ चा हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपर्यंत. खाजगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागा आठवीपर्यंतच. पाचवीपर्यंत १ किलोमीटरवर आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटरवर शाळा हवी, हा नियमही तेवढाच. नववीला हा कायदा हात सोडतो. शाळाचालकाचा हिशोबही सोपा आहे. नववी-दहावी चालवायची तर बोर्डाची मान्यता हवी, प्रयोगशाळा हवी, गणित-विज्ञानाचे शिकलेले मास्तर हवेत. त्यात खर्च आहे.

आता दुसरा कायदा बघा. बालमजुरीचा कायदा २०१६ साली बदलला. चौदाच्या खालचं पोर कामाला लावता येत नाही, पण १४ ते १८ च्या पोराला फक्त धोक्याच्या कामांतच बंदी आहे. म्हणजे ज्या वर्षी शाळेचं दार बंद होतं, त्याच वर्षी कामाचं दार उघडतं. दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीचा मुकादम उचल घेऊन पाड्यात येतोच. घरात बसलेलं चौदा वर्षांचं पोर त्याला लगेच दिसतं. आणि पोरगी असेल तर दुसरंच बोलणं सुरू होतं. आठवी झाली, आता रोज लांब कोण पाठवणार, चांगलं स्थळ आलंय. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण शाळेत नाव असलेल्या पोरीसाठी आईला नाही म्हणता येतं. घरी बसलेल्या पोरीसाठी तिचं कोण ऐकतं?

काहीजण म्हणतील, आठवीपर्यंत तिकडे शिकवू, मग नववीला आश्रमशाळेत घालू. कागदावर सोपं दिसतं. पण आठ वर्षं इंग्रजीत गणित केलेलं पोर नववीला मराठी पुस्तकासमोर बसतं. नवी भाषा, नवं वसतिगृह, आणि दहावीला हातात दोनच वर्षं. शिवाय तिथे जागा शिल्लक असेल का? ज्या शाळेची स्वतःची दहावी आहे, तिथे आधी तिचीच पोरं पुढच्या वर्गात जातात.

संघटनेतले काही जुने साथी विचारतात, आपली लढाई जमिनीची, शाळेचं कशाला काढता? साथींनो, जमिनीचीच गोष्ट आहे ही. १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी मोडली, तेव्हा बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. शिकल्याशिवाय लढता येत नाही असं आम्ही कधीच म्हणणार नाही. पण तेव्हाही सावकाराने जमीन घेतली ती अंगठ्यावरच. आज वनहक्काचा दावा नामंजूर झाला की दोन पानांचं पत्र येतं, सरकारी मराठीत. अपील साठ दिवसांत करायचं असतं. पत्र वाचून कारण समजायचं, पुरावे लावायचे, नकाशावर आपला प्लॉट ओळखायचा, जीपीएसने मोजलेलं क्षेत्र बरोबर आहे का ते तपासायचं. आपल्या म्हाताऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, पण तो लेखी लागतो. म्हाताऱ्याची आठवण आणि नातवाचं अक्षर, दोन्ही लागतं. आठवीवर सुटलेलं पोर पत्र वाचेल, पण अपील लिहिताना अडेल.

नोकरीचंही तसंच. पोलीस पाटलाला दहावी लागते. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडला दहावी लागते. दहावीच्या खाली वनरक्षक होता येत नाही. पोलीस भरतीला आणि नर्सिंगला बारावी. आठवीच्या दाखल्यावर यातलं काहीच मिळत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. शाळा निवडताना पाटी, बूट, गाडी बघू नका. शेवटचा वर्ग बघा. दोन शाळा सारख्या वाटल्या तर दहावीपर्यंतची घ्या. पोरीसाठी तर नक्कीच. आणि नाव घालण्याआधी हे विचारा:

१. शाळेला मान्यता कितवीपर्यंत आहे? तोंडी नको, कागद दाखवा म्हणा. नववी-दहावीचे वर्ग भरत असतील तर बोर्डाचा सांकेतांक विचारा. तो नसेल तर पोराला दुसऱ्या शाळेच्या नावावर किंवा १७ नंबरच्या फॉर्मवर परीक्षेला बसवतील.

२. मोफत प्रवेश असेल तर तो कितवीपर्यंत? पुढे फी किती?

३. शाळा आठवीपर्यंतच असेल तर इथली पोरं नववीला कुठे गेली? मागच्या वर्षीच्या दोन-चार घरी जाऊन विचारा.

४. रजिस्टरमध्ये जमात बरोबर लिहिली का? कोकणाचं कोकणी, मा ठाकूरचं नुसतं ठाकूर झालं तर जात पडताळणीत वर्षं जातात. पहिल्याच दिवशी वाचून घ्या.

५. फीसाठी शाळा सोडल्याचा दाखला अडवला तर एकट्याने भांडू नका. ग्रामसभेत आणा.

पण नुसती निवड करून भागणार नाही. ज्या पाड्यांना निवडायला शाळाच नाही, त्यांचं काय? इथे आपलाच कायदा कामाला येतो. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे सरकारी शाळेसाठी वनजमीन मिळू शकते. जागा एक हेक्टरच्या आत हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. हे खाजगी शाळेला लागू नाही. सरकारने चालवलेल्या शाळेलाच लागू आहे. म्हणजे फॉरेस्टची जमीन आहे, जागा नाही, हे उत्तर आता ऐकून घ्यायचं नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. आपल्या पाड्यातली आठवीतली पोरं किती, पोरी किती, त्यांना नववी किती लांब पडते, याची यादी करा. जिथे आठवीपर्यंतची सरकारी शाळा आहे तिथे नववी-दहावी सुरू करा, असा ठराव करा. एक प्रत पंचायत समितीला, एक प्रकल्प कार्यालयाला, एक संघटनेकडे. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

यादी दिवाळीच्या आत तयार पाहिजे. त्यानंतर मुकादम आपली यादी करायला येतो.