विश्लेषण : वाळवंटात बर्फ मिळतो, संघासाठी मुले कुठून येणार?

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या संयुक्त अरब अमिरातीचा (यूएई) १८ वर्षांखालील मुलांचा राष्ट्रीय आइस हॉकी संघ आहे. हे ऐकून पहिला प्रश्न बर्फाचा पडतो. या संघाची खरी अडचण मात्र वेगळीच आहे.

वाळवंटात हा खेळ कधी आला?

यूएई २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. २००९ मध्ये अबू धाबीतील आशियाई चॅलेंज कप यजमानांनी जिंकला. भारताच्या पुरुष संघाचे आंतरराष्ट्रीय पदार्पणही याच स्पर्धेतले. आज अबू धाबी, अल ऐन आणि दुबईत बंदिस्त रिंक आहेत. दुबईतील एक तर मॉलमध्येच आहे.

बर्फ टिकतो कसा?

काँक्रीटच्या लादीत नळ्यांचे जाळे असते. त्यातून शून्याखाली थंड केलेले ग्लायकॉल किंवा क्षाराचे द्रावण फिरते. लादीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवून साधारण ३ सेंटीमीटर जाडीचा बर्फ तयार होतो. त्याचा पृष्ठभाग उणे ५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. उष्णतेइतकाच त्रास दमटपणाचा. किनाऱ्यावरची दमट हवा आत शिरली की रिंकवर धुके साचते आणि बर्फ खडबडीत होतो. त्यामुळे हवा कोरडी करणारी यंत्रणा सतत चालवावी लागते. खर्च मोठा आहे, पण पैसा असेल तर हा प्रश्न सुटतो.

मग अडचण कुठे?

राष्ट्रीय संघातून खेळण्यासाठी त्या देशाचे नागरिकत्व लागते. यूएईत दहापैकी जवळपास नऊ रहिवासी परदेशी आहेत. अमिराती नागरिकांची संख्या नाशिक शहराच्या लोकसंख्येहूनही कमी भरेल. तिथे जन्माने नागरिकत्व मिळत नाही. दुबईत जन्मलेला, तिथल्याच रिंकवर स्केटिंग शिकलेला मराठी मुलगा क्लबकडून खेळू शकतो, देशाकडून नाही. २०२१ मध्ये कायदा बदलला, तरी नागरिकत्व मोजक्या गुणवंतांना आणि तेही शिफारशीनेच मिळते.

भारताशी तुलना काय सांगते?

लडाख हेही वाळवंटच, पण थंड. तिथे खेळायला मुले-मुली भरपूर आहेत, मात्र नैसर्गिक बर्फ हिवाळ्यापुरताच. २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक जिंकले, ते अल ऐनच्या कृत्रिम बर्फावर. त्या संघात लडाखच्या मुलींचाच भरणा होता. एकीकडे बर्फ आहे पण मुले मोजकी, तर दुसरीकडे मुले आहेत पण बर्फ मोजका.

पुढे काय?

अशा युवा संघाचे मोजमाप केवळ गोलफलकावर करणे अन्यायाचे आहे. नागरिकत्वाचे धोरण क्रीडा संघटनेच्या हातात नाही, पण वयोगटांच्या स्पर्धा आहेत. त्यांत स्थानिक आणि परदेशी मुले एकत्र खेळली, तर मोजक्या अमिराती मुलांनाही दर आठवड्याला तगडे प्रतिस्पर्धी मिळतील. तयार खेळाडू बाहेरून आणून वरिष्ठ संघ एक वेळ उभा राहील. युवा संघाला हा जवळचा रस्ता नाही. तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पायात स्केट बांधूनच सुरुवात करावी लागते आणि निकालासाठी दहा वर्षे थांबावे लागते. रिंक उभारणाऱ्यांनी या दहा वर्षांचा हिशेबही मांडायला हवा.